घडीच्या चाकूचं एवढं कौतुक कशाला? आणि घ्यायचाच तर कुठला घ्यावा?

"पातं आणि मूठ, त्यात डिझाइन कसलं आलंय?" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. अगदी हेच माझे भाऊजी गावी ओटीवर बसून म्हणाले होते, म्हणून लिहायला बसलो. एरवी मी इथं नुसता वाचतो.

माझ्याकडे ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबरचा घडीचा चाकू आहे. कामासाठी फ्रान्समध्ये, आल्प्समधल्या ग्रेनोबलला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका साध्या जेवणाच्या पैशात घेतला. त्याच आल्प्सच्या डोंगरात, सावोआ भागात, १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलनं हा चाकू पहिल्यांदा केला. भाग मोजून पाच: साडेआठ सेंटीमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ, एक खीळ, एक घट्ट बसवलेलं कडं आणि त्यावर फिरणारं दुसरं. हे फिरणारं कडं १९५५ सालचं. पातं उघडायचं, अंगठ्यानं कडं फिरवायचं, की पातं बोटांवर मिटत नाही. ना स्प्रिंग, ना बटण. बिघडायला काही ठेवलेलंच नाही.

पातं कार्बन स्टीलचं, त्यामुळे कैरी चिरली की विळीसारखं काळं पडतं. भाऊजी त्याला 'गंजका' म्हणतात. आमच्या आजीच्या विळीला म्हणून दाखवायचं होतं!

तर एकदा मे महिन्यात मी झोपलेलो असताना त्यांनी या चाकूनं फणस फोडला. फणस! घरात कोयता असताना. मग चीक निघावा म्हणून चाकू रात्रभर पाण्याच्या बादलीत टाकला. कोकणात जन्म गेला आणि चीक पाण्यानं काढतायत. खोबरेल तेलाची बाटली समोर फळीवर होती. सकाळी चाकू मिटून ठेवला, मूठ फुगलेली, पातं आत गच्च. मग पक्कड लावली. नखासाठी जी बारीक खाच असते, तिच्याशेजारी पकडीचे दात अजून दिसतात. वर निकाल काय, तर "तुझ्या फ्रेंच मालात दम नाही."

चार दिवस सावलीत वाळवला. मग मुठीचं बूड चिऱ्याच्या पायरीवर टक्‌कन आपटलं, पात्याचं टोक आपोआप बाहेर आलं. सावोआतले लोक अडकलेलं पातं असंच काढतात. सगळ्यांसमोर केलं मुद्दाम. भाऊजी तेव्हा नेमके मोबाइल बघत होते.

बाकी तुम्हाला: ८ नंबर घ्या. फळं, दोरी, पाव, सगळ्याला पुरतो. पाण्याजवळ काम असेल किंवा पुसून ठेवायचा कंटाळा असेल, तर स्टेनलेसचा घ्या. त्यात कमीपणा नाही (हे मी घरी कबूल करत नाही). विमानात हँडबॅगेत ठेवू नका, काढून घेतात. आणि लाल मुठीच्या त्या बारा हत्यारांच्या चाकूच्या नादी लागण्याआधी एवढं ऐका: भाऊजींकडे तो आहे. त्यातला बूच काढायचा स्क्रू आजवर एकदाच उघडलाय, तेलाच्या डब्याला भोक पाडायला.