‘ओनर्स रिस्क’चा शिक्का मारला म्हणजे वाहतूकदार मोकळा होतो का?

प्रश्न : आमची शिरोली औद्योगिक वसाहतीत छोटी फाउंड्री आहे. गेल्या महिन्यात पुण्याला पाठवलेल्या चार लाखांच्या कास्टिंगपैकी सुमारे दीड लाखाचे नग वाटेत फुटले. भाडे नऊ हजार रुपये ठरले होते. बिल्टीवर (वाहतूकदाराच्या मालपावतीवर) ‘ॲट ओनर्स रिस्क’, म्हणजे ‘मालकाच्या जोखमीवर’, असा शिक्का असल्यामुळे भरपाई मागताच येणार नाही, असे वाहतूकदार सांगतो. – एक उद्योजक, शिरोली

उत्तर : त्या शिक्क्याने वाहतूकदाराची जबाबदारी संपत नाही. १८६५च्या कॅरियर्स ॲक्टच्या जागी आता २००७चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आहे व तो १ मार्च २०११पासून लागू आहे. माल हरवला किंवा फुटला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा दावेदाराने सिद्ध करण्याची गरज नाही, हे तत्त्व दोन्ही कायद्यांत आहे. ‘मालकाच्या जोखमीवर’ असे लिहून घेतले तरी निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, असे जुन्या कायद्याखालील नाथ ब्रदर्स एक्झिमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी आदेश असे काही अपवाद कायद्यात आहेत; पण योग्य दक्षता घेऊन नुकसान टाळता आले असते, तर त्यांचाही आधार मिळत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये पुराच्या पाण्यामुळे शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तशा वेळी झालेला उशीर वेगळा. पाणी चढते आहे हे दिसत असताना भरलेली गाडी सखल जागी उभी करून ठेवली, तर तो दैवी आपत्तीचा बचाव टिकणे कठीण.

आपली खरी अडचण शिक्क्यात नसून रकमेत आहे. माल पाठवताना वाहतूकदाराला जी गुड्स फॉरवर्डिंग नोट (मालाच्या तपशिलाचा फॉर्म) द्यायची असते, तिच्यात मालाची किंमत लिहायची असते आणि वाढीव जोखमीचा दर (वाहतूकदाराने जास्त जबाबदारी घेण्यासाठीचे जादा भाडे) मान्य केलेला नसेल, तर नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. ती रक्कमही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणजे नऊ हजार भाड्यावर नव्वद हजार रुपये. दीड लाखाच्या नुकसानीतले उरलेले साठ हजार आपल्या पदरी पडतात, किंवा मालाचा ट्रान्झिट (वाहतुकीतला) विमा असेल तर विमा कंपनीच्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी किमतीच्या रकान्यात नुसती रेघ ओढलेली दिसते आणि तो फॉर्मही पुष्कळदा वाहतूकदाराचा कारकूनच भरतो, ही सवय महागात पडणारी आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. नुकसान कळल्याच्या तारखेपासून मोजण्याची चूक अनेकजण करतात, कारण जुन्या कायद्यात सहा महिने तसेच मोजले जात. आपला माल गेल्या महिन्यातला असल्यामुळे वेळ हाती आहे. तरीही नोटीस आताच, पोहोच मिळेल अशा रीतीने पाठवावी. पुण्याच्या पार्टीने माल उतरवून घेताना पोचपावतीवर फुटक्या नगांचा शेरा लिहिला असेल, तर त्याची प्रत सोबत जोडावी. विमा असल्यास ही नोटीस अधिकच जरूर, कारण भरपाई दिल्यावर विमा कंपनी वाहतूकदाराकडून वसुली करते आणि आपण नोटीस न देऊन तो मार्ग बंद केलात, तर ती आपल्या दाव्यालाच हरकत घेईल.

प्रश्न : बिल्टीवर कधी ‘टू पे’ तर कधी ‘टीबीबी’ लिहिलेले असते. फरक काय? – गूळ व्यापारी, शाहूपुरी

उत्तर : ‘टू पे’ म्हणजे भाडे माल सोडवून घेणारा देईल, ‘टीबीबी’ म्हणजे ‘टू बी बिल्ड’, अर्थात भाडे खात्यावर मांडून त्याचे बिल नंतर येईल. भाडे कोणी द्यायचे यावर रिव्हर्स चार्जखाली (सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरण्याच्या पद्धतीखाली) जीएसटी कोणी भरायचा हेही अनेकदा ठरत असल्याने बिल्टी घेताना ही नोंद पाहून घ्यावी.

प्रश्न : आम्ही कोल्हापुरी चपला जर्मनीला पाठवतो. ग्राहकाने या वेळी ‘सीआयएफ हॅम्बुर्ग’ दर मागितला आहे. म्हणजे हॅम्बुर्गपर्यंत मालाची जोखीम आमची का? – एक निर्यातदार, सुभाषनगर

उत्तर : नाही, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या अटींच्या नियमांत सीआयएफ (कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट) अटीनुसार हॅम्बुर्गपर्यंतचे जहाजभाडे आणि विमा आपण भरायचा. पण माल न्हावा-शेवा येथे जहाजावर चढला की नुकसानीची जोखीम ग्राहकाकडे जाते. खर्च एका बंदरापर्यंत आणि जोखीम दुसऱ्याच बंदरापर्यंत, अशी ही अट आहे. विमा मात्र किमान संरक्षणाचाच असतो. त्यात चपलांना ओल लागून बुरशी आली, तर भरपाई मिळण्याची आशा फारशी नाही.

शिवाय आपला माल कंटेनरमधून जात असेल, तर तो जहाजावर चढण्याच्या आधीच कंटेनर यार्डात दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि मधल्या काळातली जोखीम आपल्याकडेच राहते. म्हणून कंटेनरच्या मालासाठी ‘सीआयपी’ (कॅरेज अँड इन्शुरन्स पेड टू) अट सोयीची आहे. तिच्यात माल पहिल्या वाहतूकदाराच्या हवाली केला की जोखीम संपते आणि विमाही अधिक व्यापक लागतो. त्याचा हप्ता अर्थातच जास्त. ग्राहकाला दर कळवताना तो धरून कळवावा, आणि विम्यातून नेमके काय वगळले आहे ते एजंटाकडून लेखी मागून घ्यावे.