जुन्या युरेनियम कारखान्याखालचे भूजल उपसून शुद्ध करायला किती वर्षे लागतात?

टेलिंग्जचा, म्हणजे युरेनियम काढून घेतल्यावर उरलेल्या खनिजाच्या चुऱ्याचा, ढिगारा हलवला की प्रदूषणाचा उगम संपतो आणि मग खाली पाणी किती व पंप किती मोठा एवढाच हिशेब उरतो, असे आपल्या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. याच गृहीतकावरून माझे एका वरिष्ठांशी कायमचे बिनसले, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील, नदीकाठच्या अशाच एका जागेच्या भूजलाचे मॉडेल आमच्या गटाकडे होते. गाळ युरेनियम किती धरून ठेवतो याचा एकच सरासरी आकडा सर्व थरांना लावून, नियमांनी दिलेल्या १०० वर्षांच्या मुदतीत नैसर्गिक प्रवाहच पाणी स्वच्छ करील, असा निष्कर्ष काढला गेला. भूजल पातळीच्या वरचा कोरडा गाळ आणि नदीच्या जुन्या वळणात साचलेली काळी, सेंद्रिय माती यांचे नमुने स्वतंत्रपणे तपासावेत, अशी मागणी मी लेखी केली होती. "ढिगारा गेला, आता मातीत काय शोधणार?" असे म्हणून वरिष्ठांनी तो खर्च कापला. पुढच्याच वसंतात बर्फ वितळून पातळी त्या गाळापर्यंत चढली आणि तीन निरीक्षण विहिरींतील युरेनियम उतरण्याऐवजी वाढले. प्रयोगशाळेची चूक म्हणून नमुने पुन्हा घेतले, आकडे तेच आले; तरीही अहवालात त्यांची नोंद 'अपवादात्मक' अशीच राहिली.

त्यात अपवादात्मक काहीही नव्हते. वरच्या गाळाला चिकटलेले युरेनियम पाणी पोहोचताच कॅल्शियम व कार्बोनेटशी संयुगे करून विरघळते आणि काळ्या मातीत क्षपित, चतुःसंयुजी, म्हणजे पाण्यात सहसा न विरघळणाऱ्या, रूपात अडकलेले युरेनियम प्राणवायू मिळताच पुन्हा वाहू लागते. वायोमिंगमधील रिव्हरटन येथे कारखाना १९५८ ते १९६३ या काळात चालला आणि पुढे ढिगाराही हलवला गेला, तरी २०१० मध्ये लिटल विंड नदीच्या पुरानंतर तेथील विहिरींतील युरेनियम उसळलेच. कोलोरॅडोतील रायफल येथे २००२ मध्ये जमिनीत ॲसिटेट हे जिवाणूंचे खाद्य सोडून जिओबॅक्टर जिवाणूंकरवी युरेनियम अविद्राव्य करण्याचा प्रयोग झाला. प्रमाण आधी झपाट्याने घटले, पण पुढे सल्फेट-क्षपण करणारे, म्हणजे सल्फेट वापरून जगणारे, दुसरे जिवाणू वरचढ होताच ते पुन्हा चढू लागले. म्हणूनच जिवाणूंचा उपाय कायमचा म्हणून विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता वर्षांविषयी. उपसा सुरू झाला की प्रमाण आधी लवकर उतरते, नंतर गाळातून सुटणाऱ्या युरेनियममुळे दीर्घकाळ रेंगाळते आणि पंप थांबवल्यावर अनेकदा पुन्हा चढते. अमेरिकेत अशा जागांच्या भूजलातील युरेनियमची मर्यादा लिटरमागे ०.०४४ मिलिग्रॅम आहे. गाळ न तपासता ती अमुक वर्षांत गाठू, असे सांगणारा माणूस अंदाज विकतो आहे.

अर्थात, उपसा सर्वत्र निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. युटामधील मोआब येथे ढिगारा कोलोरॅडो नदीला लागूनच असल्यामुळे दूषित पाणी नदीत जाण्यापूर्वी विहिरींनी अडवणे आवश्यकच होते. तो उपाय संरक्षणाचा आहे, शुद्धीकरणाचा नव्हे. आपल्याकडे असा प्रकल्प असेल तर पंपाची निविदा काढण्यापूर्वी कोरड्या गाळाचे आणि काळ्या मातीचे नमुने घ्या, पातळी उंच असताना व खोल असताना विहिरींची स्वतंत्र मोजणी करा आणि वाढलेला आकडा वगळायचा झालाच, तर त्याचे कारण अहवालात वगळणाऱ्याच्या सहीनिशी नोंदवून घ्या.