कापसाले 'अ' लागते का 'द'?

प्रश्न: माही पोरगी दहावीत हाय, इंग्रजीत अ, ॲन अन् द इथंच तिचे मार्क जातात. मी बारावीलोकच शिकलो, मले समजावता येत नाही. सोपं करून सांगा ना.
(एक कास्तकार, दर्यापूर तालुका)

उत्तर: भाऊ, यात पोरीची चूक नाही, मराठीत आर्टिकल (म्हणजे हेच अ, ॲन, द) हा प्रकारच नाही त कानाला सवय कुठून होणार. पण त्यामागचा अर्थ आपण रोज बोलतो. "काल एक बैल घेतला, तो बैल लय गुणी हाय," यात पहिल्यांदा 'एक' आलं तिथं इंग्रजीत 'ॲन ऑक्स', अन् मग ऐकणाऱ्याले कोणता बैल ते समजलं की 'द ऑक्स'. एवढं पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

अ का ॲन, हे स्पेलिंग पाहून नाही, उच्चार ऐकून ठरवायचं: शब्द स्वराच्या आवाजानं सुरू होत असंन त ॲन, नाही त अ. ॲन एकर. ॲन अवर (hour, म्हणजे तास), कारण एच मुका आहे. युनिव्हर्सिटी मात्र यू नं सुरू होते तरी 'अ युनिव्हर्सिटी', कारण तोंडातून 'य' निघतो, इथं तर भले भले चुकतात.

आता कापूस. कॉटन, युरिया मोजायचे शब्द नाहीत, म्हणून 'अ युरिया' चूक, 'अ बॅग ऑफ युरिया' बरोबर. नुसतं कापूस पिकवतो म्हणायचं त 'वी ग्रो कॉटन', काहीच लावायचं नाही, पण घरात भरून ठेवलेला तोच कापूस म्हणायचा असंन त 'द कॉटन'.

नद्यांना द लागतो, द वर्धा, द पूर्णा. लोणार लेकला नाही, अन् गावाच्या नावालाही नाही.