युनिव्हर्सिटीतला प्रोफेसर हा क्लायंट नसतो

पुण्यातल्या ई-लर्निंग कंपनीत तुझी आठ वर्षं झाली, आता प्रोजेक्ट लीड आहेस आणि अमेरिकेतल्या एखाद्या युनिव्हर्सिटीत ऑनलाइन कोर्सेसचे प्रोजेक्ट सांभाळायची इच्छा आहे. काम इथल्यासारखंच असतं का, व्हिसाचं कसं, आणि निघण्याआधी पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट करू का, असं विचारलंयस. ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही एकेरीवर येते. मी याच वाटेनं आले: पुण्यात सहा वर्षं, मग इथे मास्टर्स, आणि आता मिडवेस्टमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत सातवं वर्ष.

पीएमपीचं आधी उरकते. केलंस तर वाया जाणार नाही, पण त्यावर नोकरी मिळत नाही. माझ्या मुलाखतीत गँट चार्टबद्दल, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाच्या तक्त्याबद्दल, कुणी एक शब्द विचारला नाही. विचारलं ते हे: ‘प्रोफेसरनं मजकूर दिलाच नाही, तर तुम्ही काय कराल?’ मी झटकन म्हणाले, ‘एस्कलेट करीन, वरिष्ठांकडे नेईन.’ समोरचे तिघं हसले. तेव्हा मला ते का हसले हे कळलं नव्हतं.

कंपनीत आपली सवय कशी असते? क्लायंटनं स्टोरीबोर्डला, म्हणजे कोर्सच्या आराखड्याला, मान्यता दिली की अल्फा, मग बीटा, मग गोल्ड, म्हणजे कच्ची, सुधारलेली आणि अंतिम आवृत्ती. एसएमई, म्हणजे मजकूर देणारा विषयतज्ज्ञ, वेळेत उत्तर देत नसेल तर त्याच्या मॅनेजरला सीसी करायचं, दुसऱ्या दिवशी फाइल हजर. इथे पहिल्या वर्षी मी तेच केलं. एका प्रोफेसरबाईंचं मॉड्यूल तीन आठवडे अडकलं होतं, मी विभागप्रमुखांना सीसी केलं. फाइल काही आली नाही. पुढचे दोन महिने बाईंची उत्तरं मात्र एका शब्दाची झाली. नंतर एका जुन्या सहकाऱ्यानं समजावलं: विभागप्रमुख हा बऱ्याचदा त्यांच्यातलाच एक प्रोफेसर असतो, काही वर्षांसाठी खुर्चीत बसलेला. टेन्युअर असलेल्या, म्हणजे नोकरी कायमची पक्की झालेल्या, बाईंना तो काय सांगणार? शिवाय कोर्स त्यांचा आहे. काय शिकवायचं ते त्याच ठरवणार, तू फक्त कसं मांडायचं ते सुचवणार. तारीख पाळायची जबाबदारी तुझी, पण ती पाळून घ्यायचा अधिकार तुझ्याकडे नाही.

मग काम होतं कसं? स्टॅटिस्टिक्सच्या एका प्रोफेसरांनी आठवडेच्या आठवडे काही दिलं नाही. शेवटी दिल्या जुन्या वर्गातल्या ७४ स्लाइड्स, त्याही नुसत्या सूत्रांच्या. मी टेम्प्लेट पाठवणं बंद केलं. त्यांच्या केबिनमध्ये दर मंगळवारी तासभर बसायला लागले. विचारायचे, ‘हा धडा संपल्यावर मुलांना काय करता यायला हवं? कुठे चुकतात ती?’ ते बोलायचे, मी टाइप करायचे. सात मंगळवारांत कोर्सचा सांगाडा उभा राहिला. ट्रॅकरमध्ये या तासांना रकाना नव्हता, आता मी तो ठेवते.

वेळापत्रकाचं एक गणित तुला तिथे बसून दिसणार नाही. फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं आणि ती तारीख हलत नाही. गणपतीसारखंच आहे, मखर अर्धवट असलं म्हणून बाप्पा थांबत नाहीत. आपल्याला वाटतं, मेमध्ये परीक्षा संपल्या, आता तीन महिने मोकळे मिळाले. पण बहुतेक प्रोफेसरांचा करार नऊ महिन्यांचा असतो. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते पगारावर नसतात, आणि मेलला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नसतं. म्हणून फॉलचा कोर्स जानेवारीत सुरू करायचा, उन्हाळा फक्त व्हिडिओची कॅप्शन्स आणि तपासणी यांना ठेवायचा. उन्हाळ्यातच लेखन होणार असेल तर त्याचं मानधन आधी लेखी ठरवून घ्यायचं. कोर्सची मालकी कुणाची, प्रोफेसर सोडून गेला तर तो वापरता येईल का, हेही त्याच कागदावर. यावरून पुढे कडाक्याची भांडणं होतात.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे साधी एक्सेल शीट. अमेरिकेच्या केंद्रीय व्याख्येप्रमाणे एका क्रेडिटमागे दर आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर दोन तास धरतात, सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याला ९ तास, एकूण १३५. प्रोफेसर उत्साहात दोन तासांचे व्हिडिओ, शंभर पानं वाचन, एक निबंध आणि दोन चर्चा टाकतात. शीटवर बेरीज १४ तास दिसली की काय कमी करायचं ते त्यांचं तेच सांगतात. मी ‘जास्त होतंय’ म्हटलं असतं तर वाद झाला असता. आकड्यापुढे कुणी वाद घालत नाही.

नियमांची ओळख निघण्याआधीच करून घे. ऑनलाइन वर्गात शिक्षकाचा मुलांशी नियमित आणि अर्थपूर्ण संपर्क असावा लागतो. तो नसेल तर विद्यार्थ्यांच्या केंद्रीय आर्थिक मदतीच्या हिशेबात तो कोर्स पत्रव्यवहारानं चालणारा धरला जाऊ शकतो. या संपर्काची सविस्तर व्याख्या जुलै २०२१ पासून लागू आहे. सरकारी युनिव्हर्सिट्यांसाठी एप्रिल २०२४ मध्ये अपंगांसाठीच्या सुगम्यतेचा नियम आला, त्याचं माप डब्ल्यूसीएजी २.१ हे वेबच्या सुगम्यतेचं मानक, पातळी एए. म्हणजे स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ चालत नाही, कॅप्शन्स नुसती मशीनवर सोडता येत नाहीत. आमच्या मशीननं स्टॅटिस्टिक्समधल्या ‘काय-स्क्वेअर’ चाचणीचं ‘स्काय स्क्वेअर’ केलं होतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओला दुरुस्तीसाठी मी अर्धा-पाऊण तास धरते. ऑनलाइन कोर्सचा दर्जा तपासणाऱ्या ‘क्वालिटी मॅटर्स’ संस्थेची आठ मुख्य मानकं वाचून ठेव, जाहिरातींत ते नाव वारंवार येतं. कॅनव्हास किंवा ब्राइटस्पेस ही कोर्स चालवायची सॉफ्टवेअर हाताळली नसशील तरी घाबरू नकोस. तसलंच मूडल येत असेल तर पंधरा दिवसांत जमतं.

आता व्हिसा. युनिव्हर्सिटीला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीची अट नाही, वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. ऐकायला छान वाटतं, पण अनेक युनिव्हर्सिट्या हा व्हिसा फक्त प्रोफेसर आणि संशोधकांसाठी काढतात, आपल्यासारख्या स्टाफसाठी नाही. एचआरच्या पहिल्याच फोनवर विचारायचं, लाजायचं नाही. पुढे खासगी कंपनीत जायचं ठरवलंस तर लॉटरी आलीच. आणि भारतात बसून थेट नोकरी मिळवायचा विचार असेल, तर सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या नव्या अर्जावर मालकाला १ लाख डॉलर भरायला लावले, मुदत एका वर्षाची; अजून लागू आहे का ते आधी बघ. इन्स्ट्रक्शनल डिझायनरसाठी, म्हणजे कोर्सची मांडणी करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी, एवढे कोण भरणार?

राहिला मास्टर्सचा रस्ता. त्यात एक खाचखळगा आहे. शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची, पदवी स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४. एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा सरकारी अभ्यासक्रम-कोड, १३.०५०१, त्या यादीत आहे. पण जवळजवळ तोच अभ्यासक्रम काही ठिकाणी ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’च्या कोडखाली चालतो, आणि तो यादीत नाही. नाव बघून फी भरू नकोस, कोड लेखी मागव.

युनिव्हर्सिटीतला पगार इथल्या खासगी कंपनीपेक्षा कमी असतो, हे आधीच मनाशी धर. बऱ्याच राज्यांत सरकारी युनिव्हर्सिटीतले पगार सार्वजनिक नोंदीत असतात, तेव्हा अंदाज बांधण्यापेक्षा त्या पदाचा आकडा शोधून काढ.

पोर्टफोलिओत क्लायंटचं काम जसंच्या तसं टाकू नकोस, करार मोडेल. स्वतःचं एक छोटं मॉड्यूल कर, विषय मोदकाचाही चालेल, पण सोबत एक पान जोड: तज्ज्ञानं काय दिलं होतं, तू काय विचारलंस, काय वगळलंस आणि त्याला कसं पटवलंस. ते पान मला पाठव, मी वाचून खुणा करून देते. फक्त ऑगस्टचा तिसरा आठवडा सोडून.