फाइलचं नाव डॅशने सुरू होतंय, कोट्स लावूनही डिलीट होत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की उबंटू लिनक्सवर '-दिंडोरी उतारा (2).पीडीएफ' अशी फाइल आहे, आरएम (rm, फाइल डिलीट करायची कमांड) केलं की इनव्हॅलिड ऑप्शन येतं आणि नाव कोट्समध्ये टाकलं तरी तेच. कोट्स बरोबरच आहेत तुमचे, पण ते शेलसाठी (टर्मिनलमध्ये तुमची ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्राम) असतात. एंटर मारलं की आधी शेल ती ओळ वाचतो, स्पेस दिसली की तुकडे पाडतो, कंस, डॉलर, स्टार यांचे आपले अर्थ लावतो आणि मग उरलेलं आरएमकडे देतो. कोट्स त्याला गप्प बसवतात, पण डॅशशी शेलला देणंघेणंच नाही, डॅश वाचतो तो आरएम, आणि त्याला ऑप्शन (कमांडला दिलेली सूचना) समजतो.

म्हणून नावाआधी डॉट-स्लॅश (./, म्हणजे 'याच फोल्डरमधली') लावा:

आरएम -आय './-दिंडोरी उतारा (2).पीडीएफ'

आता नाव डॅशने सुरूच होत नाही. नावाआधी सुटे दोन डॅश (--) देऊनही चालतं, पण ते सगळ्याच कमांड मानत नाहीत, मी डॉट-स्लॅशच वापरतो. -आय ठेवाच, तो डिलीट करण्याआधी विचारतो, इथून उडालेली फाइल ट्रॅशमध्ये जात नाही. आणि एवढं टाइप करायची गरजही नाही, ./- लिहून टॅब दाबा, बॅकस्लॅश वगैरे शेल स्वतः लावतो.

मी नाशिकला द्राक्षाच्या पॅकहाउसचं कॉम्प्युटरचं काम बघतो, सीझनला बागायतदार व्हॉट्सअ‍ॅपवर उतारे, बिलं टाकतात, नावं ज्याची त्याने दिलेली. तुमच्याकडेही उतारेच दिसतायत म्हणून सांगतो, नावात 7/12 लिहायला जाऊ नका. लिनक्सला फाइलच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत, स्लॅश आणि नल (शून्य किमतीचं, न दिसणारं कॅरेक्टर). एमव्हीने (mv, नाव बदलायची कमांड) '7/12.पीडीएफ' नाव दिलं तर तो 7 नावाचा फोल्डर शोधत बसतो आणि इथे कोट्स, बॅकस्लॅश काहीच कामाला येत नाही, कारण हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवतो. सरळ 7-12 लिहा.

मराठी नावं मात्र बिनधास्त द्या, फक्त फार लांबवू नका. ईएक्सटी4 (उबंटूची नेहमीची फाइल सिस्टम) वर नावाला 255 बाइटची मर्यादा आहे आणि युटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त, सगळं 3-3 बाइट खातं. नुसत्या 'द्राक्ष'चेच 21 होतात.

पुढे असल्या पुष्कळ फाइलींवर लूप (तीच कमांड एकेका फाइलवर) चालवणार असाल तर ./* (या फोल्डरमधल्या फाइली) वरून चालवा आणि व्हेरिएबल (फाइलचं नाव धरणारा डॉलरवाला शब्द) दुहेरी कोट्समध्ये ठेवा, एकेरीत टाकलं तर डॉलर तसाच राहतो आणि फाइल सापडतच नाही.