विष रक्तात नेमकं काय करतं? वाचकांचे प्रश्न

घोणसचं विष रक्त गोठवतं, असं वाचलं. मग रुग्णाच्या हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त का जातं?

दोन्ही खरं आहे, आणि पहिल्यामुळेच दुसरं घडतं. रक्त गोठण्यासाठी आपल्या रक्तात घटकांची एक साखळी असते. घोणसच्या विषातली दोन विकरं (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) त्यातल्या ५व्या आणि १०व्या घटकाला थेट चालना देतात. फुरशाचं विष थेट प्रोथ्रॉम्बिनवरच, म्हणजे ज्यापासून थ्रॉम्बिन बनतं त्या घटकावरच, काम करतं. दोन्हींत थ्रॉम्बिन बेसुमार तयार होतं, त्यामुळे रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचं फायब्रिन, म्हणजे गाठीचे धागे, होत जातं आणि शरीर तेही विरघळवत राहतं. काही तासांत फायब्रिनोजेन जवळजवळ संपतं. त्यानंतर साधी सुई टोचलेली जागाही वाहत राहते.

पण रक्त नुसतं न गोठणारं झालं म्हणून आपोआप वाहत नाही. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती विषातली मेटॅलोप्रोटिएज नावाची विकरं करून देतात. केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पातळ पटलातलं कोलॅजन हे प्रथिन ती कापतात आणि रक्त बाहेर झिरपू लागतं.

दवाखान्यात आधी काचेच्या नळीत रक्त घेऊन ते नुसतं ठेवून दिलं. उपचाराला उशीर नाही का झाला?

नाही, ती तपासणीच आहे. कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी कलती करायची. गाठ धरली नसेल तर विषानं गोठण्याचे घटक संपवले आहेत, असं समजतात. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानं गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकमध्ये निकाल फसवा येतो. प्रतिविष दिल्यावर साधारण ६ तासांनी हीच चाचणी पुन्हा करतात. प्रतिविष विकरांना थांबवतं, संपलेलं फायब्रिनोजेन मात्र यकृताला नव्यानं बनवावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

प्रतिविष वेळेत मिळालं, तरी वडिलांच्या पायाची कातडी काळी पडली. का?

विषातलं हायल्युरोनिडेज हे विकर पेशी-पेशींच्या मधला चिकट पदार्थ तोडून विषाला वाट मोकळी करतं. फॉस्फोलायपेज ए२ हे दुसरं विकर पेशींची आवरणं फाडतं आणि त्यातून सुटणारी रसायनं सूज व वेदना वाढवतात. हे सगळं दंशानंतर लगेच सुरू होतं. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठतं. मेलेली पेशी ते जिवंत करू शकत नाही. म्हणूनच वर घट्ट दोरी आवळण्याचा मला राग येतो: विकरं त्याच जागी कोंडली जातात, शिवाय त्या भागाचा रक्तपुरवठाही तुटतो. चिरा देणं तर त्याहून वाईट, कारण गोठण्याची ताकद गेलेलं रक्त थांबणार कसं?

मण्यार चावली तर सूजही नसते. मग तिच्या विषात विकरं नसतात का?

असतात. तिच्या विषातलं एक फॉस्फोलायपेज मज्जातंतूंच्या टोकांवर घाला घालतं. म्हणून पापण्या जड होतात, श्वास मंदावतो. सूज नाही म्हणजे धोका नाही, असं कधीही समजू नका.

बहिणीला साप चावलेला नाही, तरी तिच्या रक्ततपासणीत ‘रसेल्स व्हायपर व्हेनम टाइम’ लिहिलं आहे!

घाबरू नका. रसेल्स व्हायपर म्हणजे घोणसच. घोणसचं विष १०व्या घटकाला थेट चालना देतं, म्हणून प्रयोगशाळेत ते पातळ करून अभिकर्मक (तपासणीसाठी नमुन्यात मिसळायचं रसायन) म्हणून वापरतात. ते नळीतल्या नमुन्यात घालतात, रुग्णाला देत नाहीत. ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाची प्रतिपिंडं रक्तात असतील, तर गाठ धरायला जास्त वेळ लागतो. वारंवार गर्भपात किंवा विनाकारण रक्ताच्या गुठळ्या होत असतील, तर डॉक्टर ही तपासणी सांगतात. निकाल सकारात्मक आला, तर किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. बहीण रक्त पातळ करणारं औषध घेत असेल, तर नमुना देण्याआधी तसं सांगावं. त्यानं निकाल बदलू शकतो.