मक्याचं वाण शेतकऱ्याला का निवडू द्यायचं?

तुम्ही विचारलंय: "डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांना मक्याचं सुधारित वाण निवडायला सोबत घेतात असं वाचलं. संशोधन केंद्रात उत्पादनाचे आकडे काढलेले असताना शेतकऱ्याला काय विचारायचं? जे जास्त पिकतं ते वाटून टाकायचं ना?"

‘जास्त पिकतं’ म्हणजे कुठे पिकतं, ते आधी बघावं लागतं. केंद्राच्या सपाट, काळ्या, वेळेवर पाणी-युरिया मिळणाऱ्या जमिनीत जे पहिलं येतं, ते उतारावरच्या वीतभर मुरमाड मातीत पहिलं येईलच असं नाही. पुष्कळदा येत नाही.

मी मूळची लालबागची. दापोलीला शेती शिकले आणि नंतर चार पावसाळे गुजरातमधलं दाहोद आणि मध्य प्रदेशातलं झाबुआ इथल्या टेकड्यांत एका संस्थेसाठी हेच काम केलं. आता बोरिवलीत टेबलखुर्चीवर बसते. तेव्हा उत्तर अनुभवाचं आहे, आणि थोडं फजितीचंही.

आधी आमच्या घरातली गोष्ट सांगते. वाण्यानं नवीन कोलम आणला की आई चार दाणे दाताखाली धरून बघायची, मग पावशेरच घ्यायची. घरी आणून आपल्याच पातेल्यात, आपल्याच स्टोव्हवर शिजवायची आणि उरलेला भात दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीला कसा होतो तेही बघायची. त्यानंतर महिन्याचा तांदूळ. गोणीवर काय छापलंय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. वाणनिवडीत शेतकऱ्याला सामील करतात म्हणजे त्याला अशी पावशेर घ्यायची सोय करून देतात.

दाहोदकडे माझ्या लक्षात राहिली ती एक काकी. आम्ही सहा वाणं ओळीनं लावली होती, प्रत्येकापुढे पाटी. मी मोठ्या कणसांकडे बोट दाखवत होते. काकींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एका कणसाचा शेंडा दोन बोटांत धरून साल घट्ट मिटली आहे का ते चाचपलं. ज्याचे शेंड्याचे दाणे उघडे होते ते लगेच बाद: पावसाचं पाणी आत उतरतं, पोपट बसतात आणि सोंडे, म्हणजे दाणे पोखरणारे किडे, रानातूनच सोबत घरी येतात. मग मक्याचं ताट, म्हणजे उभं धांड, खाली वाकवून सोडलं, परत उभं राहतं का बघायला. वारा सुटला की लोळणारं पीक उतारावर कोण उचलणार? शेवटी नखानं दाणा दाबला आणि मला विचारलं, "बेन, केटला दाडा?" किती दिवसांचं आहे?

या प्रश्नात अर्धं उत्तर आलं. जूनच्या शेवटी पेरलेला मका ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांत आला तर सप्टेंबरात पाऊस गेला तरी निभावतं, मागून ओलीवर हरभराही टाकता येतो. एकशे पाच दिवसांचं वाण कागदावर हेक्टरी कितीही जास्त देवो, त्या पातळ जमिनीत दाणा भरायच्या वेळेलाच ओल संपते. शिवाय श्रावण-भाद्रपदात घरातलं जुनं धान्य तळाला गेलेलं असतं. तेव्हा आठ दिवस आधी येणारं हिरवं कणीस म्हणजे आठ दिवस उसनवारी टळली. आकड्यांच्या तक्त्यात हे आठ दिवस एका रकान्यात असतात, घरात त्यांचं वजन वेगळं असतं.

आणि रंग. शहरात आपण मक्याचा रंग पिवळाच धरतो. कोंबडीखाद्याला पिवळा मका लागतो, म्हणून बाजारही त्याला उठाव देतो. तुमच्या-आमच्या ऑम्लेटमागे तोच आहे. पण तिथलं रोजचं जेवण म्हणजे मक्याचा रोटला, आणि तो पांढऱ्याचा हवा. बायकांना वेगळं बसवून विचारलं तेव्हा आणखी एक पेच कळला. कडक, काचेसारखा दाणा कणगीत टिकतो, सोंड्यांना दाद देत नाही, पण दळायला जड जातो. मऊ, पिठूळ दाणा पटकन दळतो आणि होळीपर्यंत त्याचा भुगा झालेला असतो. यातलं काय पत्करायचं हे बाहेरच्या माणसानं ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फजिती. पहिल्या वर्षी आम्ही पाहणी ठेवली ती विहीरवाल्या, गावातल्या त्यातल्या त्यात सधन माणसाच्या शेतात. सरपंच हजर, बाहेरून आलेले साहेब हजर, चहा झाला आणि हात वर करून मत घेतलं. सगळे हात मोठ्या कणसाच्या, उशिरा येणाऱ्या पिवळ्या वाणाला! मी अहवालात तसंच लिहिलं. पुढच्या जूनमध्ये त्याच वाणाची पाकिटं वाटली आणि जुलैत फेरी मारली, तर बहुतेक पाकिटं आढ्याला खोचलेली, जशीच्या तशी. एका म्हाताऱ्या काकांनी शेवटी सांगितलं, "तुम्ही एवढ्या लांबून आलात, साहेब उभे होते, नाही कसं म्हणायचं?" वजनाचा घोळ तर मी स्वतःच घातला होता. उशिरा येणाऱ्या वाणाची कणसं ओली असतात. ओलाव्याचा हिशेब न करता काट्यावर टाकली की भारी भरणारच.

मग पद्धत बदलली. हात वर करणं बंद. प्रत्येक वाणाच्या खुंटीला कागदी पिशवी बांधायची आणि मतदाराला मूठभर दाणे द्यायचे, बायकांना पांढरे, पुरुषांना पिवळे. एकेकट्यानं ओळीतून फिरायचं, आवडेल त्या पिशवीत दाणे टाकायचे. संध्याकाळी पिशव्या उघडल्या की पांढरा-पिवळा फरक समोर दिसतो. तेव्हाच नापसंतीची कारणंही विचारायची. ‘का आवडलं’ याला लोक गोडगोड उत्तर देतात, ‘का नको’ याला खरं देतात.

याहून महत्त्वाचा बदल म्हणजे चाचणीची मांडणी. 1990 च्या दशकात सिग्लिंड स्नॅप या शेतीशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेत, मलावीत काम करताना ‘मदर-बेबी ट्रायल’ ही पद्धत बसवली. गावात एका ठिकाणी सगळी वाणं शिस्तीत लावलेली, ती मदर. आणि घरोघरी एकदोन वाणं, शेतकऱ्यानं आपल्याच वाणाशेजारी, आपल्याच शेणखतावर, आपल्या सोयीनं पेरलेली, ती बेबी. त्याला फार बियाणंही लागत नाही. हेक्टरी वीस किलो धरलं तर एका किलोत पाच गुंठे होतात. शास्त्रज्ञाला मदरमधून तुलना करता येते, शेतकऱ्याला बेबीतून पावशेर भात.

यातून खरंच काही निघतं का? निघालंय. गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान जिथे भिडतात त्या पंचमहाल-झाबुआ-बांसवाडा पट्ट्यात 1992 मध्ये कृभको या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेचा कोरडवाहू शेतीचा भारत-ब्रिटिश प्रकल्प सुरू झाला. त्यात वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाचे जॉन विटकोम्ब होते. आधी प्रसारित झालेली वाणं शेतकऱ्यांना लावायला देऊन पाहिली. मक्यात पुरेसं मनासारखं मिळेना, तेव्हा निरनिराळ्या वाणांचा संकर करून शेतकऱ्यांच्या सोबतीनं निवड केली. त्यातून जीडीआरएम-187 हे पांढऱ्या दाण्याचं, लवकर येणारं वाण तयार झालं आणि गुजरातच्या डोंगराळ भागासाठी रीतसर प्रसारित झालं.

नेपाळात तर हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे भाताखालोखाल मका, आणि तोही मुख्यतः डोंगरात. 1999 मध्ये नेपाळ कृषी संशोधन परिषद आणि मेक्सिकोत मुख्यालय असलेली सिमिट ही मका-गव्हाची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी स्विस सरकारच्या मदतीनं डोंगरी मक्याचा प्रकल्प हाती घेतला. मनकामना-3, देउती ही पांढरी वाणं त्या कामातून डोंगरात पोचली. आमच्या सोसायटीचे वॉचमन दाजू तिकडचेच. एकदा रात्री गेटपाशी त्यांनी मला समजावलं की उभ्या मक्यातच नाचणीची रोपं लावतात, मग मक्याची खालची पानं ओरबाडून म्हशीला घालतात, म्हणजे नाचणीला ऊन मिळतं. आता विचार करा, कणीस पिकलं तरी ताट हिरवं राहणारं वाण त्या माणसाला किती मोलाचं! धान्य मोजणाऱ्या तक्त्यात म्हैस आणि नाचणी कुठेच नसतात.

शेतकऱ्याला सगळंच दिसतं असंही नाही बरं का. ज्या वर्षी करपा पडलाच नाही त्या वर्षी करप्याला बळी पडणारं वाणही देखणं दिसतं. दाण्यात लायसिन (प्रथिनातला एक पोषक घटक) जास्त आहे की नाही हे नखानं दाबून कळत नाही. त्यासाठी केंद्र, प्रयोगशाळा आणि दोन-तीन हंगाम लागतातच. फक्त केंद्रानं आधी गाळून दहा-बारा वाणं आणायची आणि गावानं ‘नको’ म्हटलं की ते वाण खरंच यादीतून काढायचं. हे दुसरं फार कमी ठिकाणी होतं. बाकी सह्या-फोटोंचे सहभाग मी भरपूर पाहिलेत.

आणि निवड झाल्यावर बियाण्याचं काय, हा प्रश्न कोणी वेळेवर विचारत नाही. संकरित मक्याचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, घरचं पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. संमिश्र वाणाचं, म्हणजे अनेक वाणांच्या मिसळीतून केलेल्या वाणाचं, बी घरी ठेवता येतं, म्हणून डोंगरात तेच सोयीचं. पण मक्याचं पराग वाऱ्यावर उडतं. शेजारच्या रानात पिवळा मका असेल तर तुमच्या पांढऱ्या कणसात त्याच हंगामात पिवळे दाणे दिसायला लागतात. बियाण्याच्या प्लॉटला दोनशे मीटर अंतर लागतं आणि अर्ध्या-अर्ध्या एकराच्या तुकड्यांत ते मिळणार कुठून? आम्ही दोन वाड्यांना एकच वाण पेरायला राजी केलं आणि बी फक्त रानाच्या मध्यातल्या ताटांचं घेतलं. एवढ्यासाठी तीन बैठका आणि एक भांडण झालं. कायद्याची अडचण नाही: 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायला, बदलायला आणि ब्रँडचं नाव न लावता विकायलाही मुभा आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर बोरिवलीहून दाहोदला थेट गाड्या आहेत. पण दोनदा जा. एकदा कणसं हिरवी असताना. दुसऱ्यांदा होळीला, मजुरीला गेलेली माणसं घरी परततात तेव्हा. त्या फेरीत वाण आवडलं का म्हणून विचारू नका. चुलीवरच्या आढ्याकडे बघा. पुढच्या जूनसाठी धुरात टांगलेली कणसं तिथे असतात. काकींच्या घरी तिसऱ्या वर्षी आमच्या सहापैकी एकाच वाणाची जुडी होती, मी पहिल्या वर्षी अहवालात शेवटून दुसरं लिहिलेलं.